सुभेदारांचं कपाट

"हितनं पाडायची," असं म्हणून आमच्या सुभेदारांनी माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं एक उभी रेघ ओढली. मग दोन पावलं सरकून दुसरी ओढली. "आणि हितवर."

मी भाकरी थापत होते. पिठाचे हात परातीतच ठेवून विचारलं, "काय पाडायची?"

"भिंत."

"भिंतीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

"सगळी न्हाई गं. कोनाडा काढायचा. माणूसभर उंच, हातभर खोल. त्यात लोखंडी कपाट बसणार. बंदुकीसाठी."

"आणि माझी मांडणी? चाळीस भांडी हायत तिच्यावर."

"मांडणी कपाटाच्या तोंडावर येणार. बिजागऱ्या लावून. चोर आला तर त्याला भांडीच दिसतील." त्यांनी कोळसा चुलीत टाकला आणि हात झटकले. "ह्याला कॅमोफ्लाज म्हणत्यात."

सुभेदार म्हणजे माझे मालक. नवऱ्याला मी नावानं कधी हाक मारली नाही. चोवीस वर्षं फौजेत काढून, सुभेदार होऊन ते घरी आले, तेव्हापासून मागं-पुढं मी त्यांना सुभेदारच म्हणते. आधी रागानं म्हणत होते, आता सवयीनं. ही गोष्ट ते पेन्शनीत आल्यावर वर्षभरानं घडली. तिला आता तेवीस वर्षं झाली.

आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. जंगल शेताला लागूनच. भात पोटरीला आलं, पोटात कणीस धरलं की रानडुकरं उतरतात, उसात गवे शिरतात. सरकारनं पीक राखायला परवाना दिलेली बंदूक साऱ्या गावात एकच, आमची. दोन नळ्यांची बाराबोअर. ते कधी जनावर मारायचे नाहीत. हवेत एक बार काढला की कळप परत डोंगरात. पहाटे कुणीतरी धापा टाकत दारात यायचं, "सुभेदार, डुकरं आल्यात!" आणि हे गृहस्थ मफलर गुंडाळत असे निघायचे की जणू दिल्लीहून हुकूम आलाय. एरवी दिवसभर त्यांना घरात काही सुचायचं नाही. चोवीस वर्षं बिगुलावर उठलेला माणूस. पेन्शनीत आल्यावर पहिले सहा महिने नुसते ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होते. बंदुकीचा परवाना मिळाला आणि माणसात आले. ती बंदूक गेली असती तर हा माणूस परत ओट्यावर जाऊन बसला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि ती जायची वेळ आली होती. शेजारच्या गावात जत्रेच्या दिवशी, भर दुपारी, घरची माणसं देवळात असताना चोरांनी एक घर फोडलं. दागिने गेले आणि सोप्यात खुंटीला टांगलेली बंदूकही गेली. फौजदार इंगवले नवीनच आले होते आणि कडक होते. त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या बंदूकवाल्यांना बोलावून सांगितलं, बंदूक भिंतीत रोवलेल्या, कुलपाच्या कपाटात पाहिजे. काडतुसं वेगळ्या कुलपात. नवरात्रात घरोघर तपासणी होईल. ज्याचं कपाट नाही, त्याची बंदूक जमा आणि परवाना रद्द.

आमची बंदूक तेव्हा कुठं होती? सोप्यात, खुंटीला. आणि काडतुसं? माझ्या खोबऱ्याच्या डब्यात.

म्हणून ती कोळशाची रेघ.

मी भिंतीला नाही म्हणणारच नव्हते. माझा राग दुसराच होता. सुभेदार फौजेत असताना ह्या घराच्या सगळ्या चाव्या माझ्या कमरेला होत्या. सासूबाईंनी शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातानं जुडगा माझ्या कमरेला खोवला होता. धान्याची खोली, ट्रंक, परड्याचं दार, विहिरीवरच्या मोटारीची पेटी. पोरं मोठी केली, शिकायला कोल्हापूरला धाडली, आणि चोवीस वर्षांत घरातली सुई कधी हरवली नाही. हे घरी आले आणि पहिल्या आठवड्यात सोप्यात एक फळी ठोकली. फळीवर नऊ खिळे, खिळ्यांखाली पांढऱ्या रंगानं एक ते नऊ आकडे. "प्रत्येक चावी आपापल्या नंबरावर. शिस्त पाहिजे," म्हणाले, आणि माझ्या कमरेचा जुडगा सोडवून घेतला.

मी म्हटलं, "वा! म्हणजे चोराला विचारायची पण गरज न्हाई. नंबर वाचायचा आणि चालू लागायचं."

ते हसले. पण फळी राहिली. चालताना माझ्या कमरेला हलकं वाटायचं आणि ते हलकेपण मला सोसायचं नाही. हे त्यांना सांगितलं असतं तर कळलं असतं का? कुणास ठाऊक. मी सांगितलं नाही एवढं खरं.

कपाटाचं काम रवळू मेस्त्रीला दिलं. सुतारकाम, गवंडीकाम, लोखंडाचं काम, सगळं एकटा करणारा बुटका, बडबड्या माणूस. त्यानं आजऱ्याच्या वर्कशॉपात जाड पत्र्याची पेटी वेल्ड करून घेतली. ट्रॅक्टरमधून ती आणताना वर पिंजर, भाताचं वाळकं गवत, झाकलं, कुणाला कळू नये म्हणून. दगडी भिंत फोडून कोनाडा केला, पेटीच्या चारी कोपऱ्यांचे लोखंडी पाय भिंतीत आरपार घालून सिमेंटनं गच्च भरले. आत बंदूक उभी राहायला लाकडी खाच, तिच्यावर कुलपाचा लहान कप्पा काडतुसांसाठी, आणि सगळ्यात वर एक फळी, जमिनीचे कागद आणि माझे दागिने ठेवायला. दाराला सात लिव्हरचं कुलूप. समोर माझी मांडणी, भांड्यांसकट. एका बोटानं ओढली की दारासारखी उघडायची. मी तोंडावर बोलले नाही, पण काम फक्कड झालं होतं.

"वैनी, हत्ती लावला तरी उघडायचं न्हाई हे," रवळू म्हणाला.

"आणि कुणाला बोलायचं न्हाई," सुभेदारांनी बजावलं. "तू, मी आणि ही. चौथ्याला कळता कामा नये."

"छ्या छ्या! मी कशाला बोलतोय?"

पण त्या दिवशी काम पुरं झालं म्हणून ह्याच शहाण्यानं कपाटापुढं नारळ फोडला. आणि नारळ फोडल्यावर खोबरं वाटायला नको? आमच्याकडं नवी चूल घातली तरी खोबरं वाटतात. रवळू ताटली घेऊन आळीभर फिरून आला. संध्याकाळी पाण्याला गेले तर पाचजणींनी विचारलं, "झालं का गं कपाट? मांडणी फिरती म्हणं?" मी घरी येऊन सुभेदारांना सांगितलं. ते लालबुंद झाले आणि मी पदर तोंडाला लावून हसून घेतलं.

कुलपाला दोन चाव्या होत्या. एक त्यांनी लाल दोऱ्यात ओवून करगोट्याला बांधली. दुसरीही तिथंच बांधायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "ती इकडं द्या."

"बंदुकीची चावी परवानेवाल्याकडंच पाहिजे. नियम हाय."

"आत माझ्या आईचा कोल्हापुरी साज हाय. तो घालायचा झाला तर मी तुमच्या करगोट्याला हात घालू व्हय?"

"मागायचा. मी देतो की."

"चोवीस वर्षं मला कुणी काय दिलं न्हाई आणि मी कुणाकडं मागितलं न्हाई," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "घर मी राखलंय. आता माझंच मला मागून घ्यायचं?"

ते दोरा ओवता ओवता थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मग दुसरी चावी माझ्या हातावर ठेवली, पण हुकूम सोडल्याशिवाय राहिले नाहीत. "ठेव. पण अशा जागी ठेव की चोराच्या बापाला सापडू नये. आणि कुठं ठेवलीस ते मलासुद्धा सांगू नको. सीक्रेट म्हणजे सीक्रेट."

"न्हाई सांगत जावा," मी म्हटलं.

चार दिवसांनी घट बसले. घटाची माती आमच्याकडं आपल्याच शेतातली लागते. दर वर्षी मीच आणायची. त्या वर्षी सुभेदार म्हणाले, "मी आणतो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सकाळी ते शेतात गेले, वाकून वाकून हातानं भुसभुशीत माती गोळा केली, पाटी भरून डोक्यावर घेऊन आले. मला देवळात जायचं होतं, उशीर झालेला. माती चाळायला वेळ नव्हता. तशीच पत्रावळीवर ओतली, त्यात धान्य पेरलं.

आणि तेव्हा मला ती अक्कल सुचली.

नवरात्रात सगळ्या बायका दिवसभर देवळात. घरं उघडी पडतात. चोर काय हुडकणार? डबे, गाद्या, ट्रंका. पण घटाला कोण हात लावेल? चोर झाला तरी देवीला भिणारच. मी चावी पांढऱ्या चिंधीत बांधली, मातीत खुपसली, वर मडकं ठेवलं, पाणी शिंपडलं, माळ सोडली आणि हात जोडून म्हटलं, "आई, सांभाळ." स्वतःवर इतकी खूष झाले की विचारू नका.

संध्याकाळी दिवा लावताना डोक्यात उजेड पडला. अगं बये! एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. चोराला हात लावता येणार नाही हे खरं, पण मला तरी कुठं येणार होता?

मग म्हटलं, जाऊ दे. त्यांच्याकडं एक चावी आहेच की.

इकडं सुभेदारांचं काहीतरी बिनसलं होतं. तिसऱ्या माळेपासून ते रोज सकाळी शेतात जायचे आणि बांधावरनं मान खाली घालून फिरायचे. दुपारी जेवायला आले की घास तोंडाजवळ थांबायचा. मी विचारलं, "काय हुडकताय बांधावर?"

"डुकरांच्या पायांच्या खुणा बघतोय."

"गुडघ्यावर बसून?"

"खुणा जवळनंच बघायला लागत्यात," ते म्हणाले आणि वर न बघता भाताचा ढीग केला.

अष्टमीला दुपारी अडीचच्या सुमारास फौजदार इंगवले आले. बरोबर एक शिपाई आणि काखेत फाईल. मी चहा ठेवते म्हटलं तर, "आधी काम, वैनी," म्हणाले. सोप्यातल्या आकड्यांच्या फळीकडं त्यांनी एकदा बघितलं.

"सुभेदार, कपाट मांडणीच्या मागं हाय न्हवं?"

सुभेदार चमकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एसटी स्टँडवर," फौजदार म्हणाले. "बरं, उघडा. बंदुकीचा नंबर बघतो, सही करतो आणि जातो. उद्या नवमी, परवा दसरा, कचेरीला सुट्टी. यादी आज साडेपाचच्या आत तालुक्याला पोचली पाहिजे. यादीत तुमचं नाव न्हाई आलं तर परवाना रद्द धरला जाईल. मग मला येऊन सांगू नका."

सुभेदारांनी मांडणी ओढली. लोखंडी दार समोर आलं. मग ते नुसतेच उभे राहिले. सदऱ्यात हात घालून करगोटा चाचपला, खिसे चाचपले, टोपी काढून बघितली. कपाळावर घाम.

"चावी?" फौजदारांनी विचारलं.

"हाय... म्हंजे होती."

"होती?"

"घट बसले त्या दिवसापासनं सापडत न्हाई, साहेब." माझ्याकडं न बघता म्हणाले. लाल दोरा तुटला होता. करगोट्याला नुसतं टोक लोंबत होतं.

तेव्हा मला बांधावरच्या खुणांचा उलगडा झाला. एवढा मोठा सुभेदार, शाळेत पाटी फोडून आलेल्या पोरागत उभा होता. बायकोला चाव्यांची शिस्त शिकवली, आता तिच्यापुढं चावी हरवली असं कसं म्हणायचं, म्हणून सहा दिवस गुडघ्यावर फिरला होता हा माणूस.

"दुसरी चावी असंल," फौजदार म्हणाले.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"हिच्याकडं हाय," ते म्हणाले. आवाज एकदम मोकळा झाला. "तुळसा, काढ बघू."

"आता न्हाई निघायची," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"तुम्हीच सांगितलंय, कुठं ठेवली ते बोलायचं न्हाई."

"अगं, आता बोल की! मी हुकूम मागं घेतोय!"

पण माझी जीभ उचलेना. त्यांनी परवान्यावर पाणी सोडावं का मी घट मोडावा, हे मलाच ठरत नव्हतं. मी म्हटलं, "आधी रवळूला बोलवा. त्यानं केलंय, तोच उघडंल."

शिपाई जाऊन रवळूला घेऊन आला. तो पहार, छिन्नी, हातोडा घेऊनच आला. आधी बारीक तारेनं कुलपात खुडबुड केली. मग दाराच्या फटीत पहार घालायला गेला, तर फटच नाही. बिजागऱ्या आतनं होत्या. छिन्नी लावून घाव घातले, पत्र्याला पोचासुद्धा आला नाही. मांडणीच्या वरच्या फळीवरची माझी पितळी घागर हादऱ्यानं खाली पडली आणि तिला मात्र पोचा आला. पाऊण तास हा प्रकार चालला. फौजदार स्टुलावर बसून बघत होते. शेवटी रवळूनं घाम पुसला आणि तोंडभर हसला.

"बघितलं साहेब? मी म्हटलं हुतं. हत्ती लावला तरी न्हाई!"

"गाढवा, हसतोस काय?" सुभेदार ओरडले. "परवाना चाललाय माझा!"

"मग आता भिंत पाडायला लागंल. दोन दिवसाचं काम हाय," रवळू म्हणाला. त्याचा आनंद काही लपत नव्हता.

फौजदारांनी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते. त्यांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "माझा इलाज न्हाई, सुभेदार. बंदूक बघितल्याशिवाय मी काय लिहू? रद्दच्या यादीत घालतो. पुढं अर्ज करा."

सुभेदारांची पाठ ताठ होती, पण डोळे ओट्याकडं गेले. रस्त्याकडं बघत बसायच्या त्या जागेकडं. ते मी बघितलं आणि माझं ठरलं.

"थांबा, साहेब," मी म्हटलं. "चावी घटात हाय. मडक्याखाली, मातीत."

रवळूनं गालावर हात मारून घेतले.

मी देवघरात गेले. आठ माळा लागल्या होत्या. धान वीतभर वाढलं होतं, हिरवंगार, दाट. इतकं चांगलं कुठल्याच वर्षी आलं नव्हतं. मी गुडघे टेकले. "आई, क्षमा कर," म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, पण हात पुढं केला.

मागून माझं मनगट धरलं गेलं.

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "राहू दे."

"अवो, परवाना जाईल."

"जाऊ दे."

"तुम्ही परत ओट्यावर बसाल. मला बघवायचं न्हाई."

ते माझ्या शेजारी खाली बसले. मनगट सोडलं नाही. देवघराच्या दारात उभ्या फौजदारांकडं बघून म्हणाले, "साहेब, मी बर्फात होतो, तवा महिना महिना माझं पत्र यायचं न्हाई. जिता हाय का मेलाय, कुणाला ठाऊक नसायचं. ही पोरं सांभाळून, निर्जळी उपास करून, एकटी ह्या घटापुढं बसायची. चोवीस वर्षं. माझ्या तुकडीतली किती पोरं परत आली न्हाईत. मी आलो. आता एका कागदासाठी तिच्या हातानं हा घट मोडू व्हय? घाला माझं नाव रद्दात."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं. घरी येऊन वर्ष झालं होतं, एका शब्दानं बोलले नव्हते. मला वाटायचं, ह्यांना आठवतसुद्धा नाही. मी तिथंच हुंदका देऊन रडले. कुणाची लाज वाटली नाही.

फौजदार बूट बाहेर काढून आत आले, घटाला नमस्कार केला, परत स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले.

"वैनी, आता चहा टाका," म्हणाले.

मी डोळे पुसून चहा टाकला. ते फाईल मांडीवर घेऊन लिहीत होते. लिहून झाल्यावर सुभेदारांना म्हणाले, "ऐका. बरोबर लिहिलंय का सांगा." आणि मोठ्यानं वाचलं, "सदर परवानाधारकाचे कपाट समक्ष पाहिले. ते भिंतीत पक्के रोवलेले आहे. कपाट तयार करणाऱ्या कारागिराने पहार, छिन्नी व हातोडा वापरून पाऊण तास प्रयत्न केला असता ते उघडले नाही. स्वतः मालकासही ते उघडता आले नाही. सबब हत्यार साठवणीची व्यवस्था समाधानकारक आहे. क्रमांकाची पडताळणी दसऱ्याच्या दिवशी करण्यात येईल."

सुभेदारांनी खाडकन टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. अंगावर धोतर आणि सदरा.

"बास, बास," फौजदार म्हणाले. "तालुक्यात अठरा कपाटं बघितली. एवढं पक्कं एक न्हाई." तेवढं ऐकून रवळूनं आपली पहार खांद्यावर टाकली आणि जो गेला, तो गावभर सांगतच फिरला असणार.

दसऱ्याला फौजदार खरंच आले, आपट्याची पानं घेऊन. मी त्यांच्यासमोर पूजा केली, आरती झाली आणि मडकं उचललं. धानाची मुळं मातीत अशी गुंतली होती की सगळा गड्डा एकदम हातात आला. बोटांनी मोकळा केला, तर चिंधी सापडली. चावीला जरा गंज आला होता. मुद्दाम बघायला आलेल्या रवळूनं तेलाचा थेंब सोडला आणि पुसली.

"चला, उघडा," फौजदार म्हणाले.

पण सुभेदार जागचे हलेनात. ते वाकून त्या मातीकडं बघत होते. मग दोन बोटं घालून त्यांनी मुळांतनं काहीतरी ओढलं. आधी लाल दोरा आला. मग दोऱ्याच्या टोकाला दुसरी चावी.

पाटीभर माती वाकून वाकून गोळा करताना करगोट्याचा दोरा तुटला होता. चावी मातीत पडली, मातीबरोबर डोक्यावरनं घरी आली आणि न चाळलेल्या मातीतनं घटात जाऊन बसली. आठ दिवस हा माणूस ज्या चावीसाठी बांध पालथा घालत होता, तिला मी रोज सकाळी पाणी घालत होते. दोन्ही चाव्या एकमेकींपासून चार बोटांवर होत्या.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मला हसू आवरेना.

"काय वो, सापडल्या का डुकरांच्या खुणा?"

"गप बस," ते म्हणाले, आणि तेही हसायला लागले. फौजदार तर भिंतीला टेकून हसले.

बंदुकीचा नंबर बघून झाला. धानाचा तुरा मी सुभेदारांच्या टोपीत खोवला. त्यांनी दोन्ही चाव्या हातावर घेतल्या, जरा वेळ बघितल्या, आणि दोन्ही माझ्यापुढं धरल्या.

"तूच ठेव. मला न्हाई जमत."

"आणि नियम? बंदुकीची चावी परवानेवाल्याकडं पाहिजे न्हवं?" मी म्हटलं. आता मलाच त्यांची दया आली होती. "रवळू, ह्या दाराला आणखी एक कुलूप बसवता येतंय का?"

"न यायला काय झालं?"

"मग बसव. त्याची चावी ह्यांच्याकडं. ह्या कुलपाची माझ्याकडं. दोघं असलो तरच उघडंल."

फौजदार म्हणाले, "हे बाकी नियमापेक्षा भारी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर सोप्यातली फळी भिंतीवर नव्हती. नऊ खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. जुडगा माझ्या उशाशी ठेवलेला. सुभेदार शेतात निघून गेले होते. मी जुडगा कमरेला खोवला आणि मुद्दाम दोन-तीन वेळा घरातनं फिरले, वाजतोय का बघायला.

त्यानंतर वीस वर्षं बंदूक त्या कपाटात राहिली. डुकरं आली की आधी मला उठावं लागायचं, मग त्यांना. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून परवाना परत केला. डोळ्यांना कमी दिसतं, खांद्याला बंदुकीच्या दस्त्याचा दणका सोसत नाही. मी भीत होते, आता परत ओट्यावर बसतील. बसतात, पण मला शेजारी बसवून घेतात. कपाटात आता बंदुकीच्या खाचेत त्यांची काठी असते. वरच्या फळीवर माझा साज, जमिनीचे कागद आणि त्यांची पदकं. चोरानं न्यावं असं खरं तर फारसं काही नाही.

पण कुलपं अजून दोन आहेत. काठी पाहिजे असली की सुभेदार मांडणी ओढून, आपली चावी लावून उभे राहतात आणि हाक मारतात, "तुळसा, ये गं, तुझ्याबिगर उघडत न्हाई."

मला पहिल्याच हाकेला ऐकू येतं. मी दुसरीची वाट बघते.